मधली जागा

परतवाड्याच्या लॉजवाल्यानं हॉल मोडला,
तेव्हा बाबांनी तो उचलला:
बावन्न इंची, मागे कोठीएवढं पोट,
अकरा हजार रोख आणि वरून साडेसात हॉर्सपॉवरची मोटर.

मेटॅडोर रात्री आली. दारातून जाईना.
उभा नाही, आडवा नाही, तिरपाही नाही.
गुणवंत मिस्तरीनं चौकट उपसली, म्हणाला,
"टीव्ही हाय का गाभण म्हैस, बाप्पा?"
आठ जण घामेजले. माय मीठ-मोहरी घेऊन उभी,
कोणावरून उतरवायची ते तिला ठरवता येईना.

चित्र लागलं, आणि प्रत्येकाला सावली निघाली.
बॅट्समनच्या डाव्या अंगाला एक तांबडा बॅट्समन,
बातम्यावाल्या बाईला ओठांच्या दोन जोड्या.

बाबांनी मागचं झाकण खोललं.
आत तीन भिंगं, तांबडं, हिरवं, निळं,
डबडबलेली, न मिटणारी,
आणि वर कलता एक भलामोठा आरसा.
"तिन्ही एका जागी पडले की पांढरं होते," ते म्हणाले,
"जिनात शाफ्ट जुळवतो ना, तसंच."
मग रिमोटनं पडद्यावर फुली आणायची,
डावीकडे दोन, वर एक, परत उजवीकडे,
रात्री बारापर्यंत.
लाइन गेली की सगळं पहिल्यापासून.

त्याची आणखी एक खोड होती:
समोर बसलं तरच दिसायचं.
बाजूला सरकलं की चित्र विझत जायचं,
भिंतीपाशी बसणाऱ्यांना नुसती राख.
म्हणून मधली सतरंजी वाटली गेली:
बाबा, मोठेबाबा, सोसायटीचे गटसचिव,
मॅच असली तर गटसचिवांचा साळा.
आम्ही पोट्टे पुढे, माना वर करून.

मायची जागा सैपाकघराच्या दारात, तव्यासमोर.
तिथून तिला मालिका काळी दिसायची.
"पंचफुलाबाई, चहा ठेवा," एवढं मात्र
मधल्या जागेवरून तिथवर स्पष्ट यायचं.
वर्षभर तिनं ती मालिका कानांनी पाहिली.
सासू कोणती, सवत कोणती, खोटं कोण रडते,
सगळं पाठ. तोंडं तिनं आपल्या मनानं लावली होती;
त्यातल्या वकिलाला, मला फार नंतर कळलं,
तिनं आमच्या कंपाउंडरचं नाक दिलं होतं.

माघात एकदा ताप आला म्हणून मी शाळेतून लवकर आलो.
दुपारची लाइन होती. घरात कोणी नाही.
माय मधल्या जागेवर, एक पाय दुमडून,
हाताला पीठ, रिमोटला पीठ.
मालिका लावली नव्हती.
पडद्यावर फुली,
पांढरी, कुठूनही रंग न सांडणारी.
तांदळातला खडा निवडावा तसं
तिनं तांबडं उचलून हिरव्यावर ठेवलं होतं, मग निळं.
"जुळलं काय रे?" तिनं विचारलं,
"मले आता पाहून पाहून समजत नाही."
मी हो म्हणालो. तिनं रिमोट पदराला पुसला
आणि उठून माझ्या कपाळाला हात लावला.

रात्री बातम्यावाल्या बाईला एकच तोंड होतं.
"थंडीनं बसला जागेवर," बाबा म्हणाले.
गटसचिव म्हणाले, "मशीन हाय, घेते सवय."
मी मायकडे पाहिलं,
ती भाकर उलटवत होती.

पुढे तो मंद मंद होत गेला. भंगारवाला तीनशे देत होता.
माय म्हणाली, पेटी ने, आरसा राहू दे.
तो आता न्हाणीजवळच्या भिंतीला आहे, कडांना डागाळलेला.
साधा आरसा नाही तो. साध्यात बोट टेकवलं
तर बोटा-बोटात काचेएवढी फट राहते.
यात राहत नाही.
कुंकू लावून झालं की माय कधी कधी
बोट पुढे नेते, टेकवते,
जरा थांबते,
मग पदरानं तेवढीच जागा पुसून घेते.